गिरदावरसाहेबांची आणेवारी

स्वतः उभ्या आयुष्यात ज्याने लंगोट कसलेला नाही, चेंडू अडवलेला नाही आणि बस सुटत असतानादेखील जो कधी धावलेला नाही, असा एखादा गृहस्थ आखाड्याच्या कडेला पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या पोरांच्या भवितव्याचा निकाल लावीत असतो, हे वाचकांना मी नव्याने सांगण्याचे कारण नाही; तो प्रत्येक गावी असतो व प्रत्येकाला छळतो. आमच्या बीड जिल्ह्याच्या वाट्याला आलेला नमुना महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेला आहे, एवढाच त्याचा विशेष, आणि तो विशेषच जीवघेणा आहे. सरकारी कागदावर ते मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. परंतु निजामाची अमदानी 1948 साली संपली तरी तिचे शब्द आमच्या चावडीवरून अद्याप उठलेले नसल्यामुळे सारा मुलूख त्यांना गिरदावरसाहेब याच नावाने ओळखतो.

पिकांची आणेवारी काढणे हा त्यांच्या नोकरीचा एक भाग होता, व पुढे तो त्यांच्या स्वभावाचा भाग झाला. 1957 साली दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि आकडा 50 पैशांच्या आत असेल तर दुष्काळ व वर असेल तर सुकाळ, मग विहिरीत पाणी असो वा नसो, हा सिद्धांत सर्वत्र रूढ झाला. गिरदावरसाहेबांनी मात्र आणे सोडले नाहीत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आण्यांच्या खाली दुष्काळ, हे माप सेवानिवृत्तीनंतर शेते हातातून गेली म्हणून वाया जाऊ नये, या एकाच हेतूने त्यांनी ते जिल्ह्यातील उदयोन्मुख मल्लांना, धावपटूंना व क्रिकेटपटूंना लावावयास प्रारंभ केला असावा. त्यांच्या बगलेत लाल कापडी बांधणीची एक वही असते, आणि तिच्यात नाव, गाव, वजन, वस्ताद, खुराक, आणेवारी व शेरा अशा रकान्यांत आमच्या जिल्ह्याचे अवघे भविष्य अनुक्रमाने, वळणदार अक्षरात व कोणत्याही अपिलाच्या तरतुदीविना नमूद केलेले असते.

पाटोदा तालुक्यातील एका जत्रेच्या हगाम्यात मी त्यांना प्रत्यक्ष कामगिरीवर पाहिले आहे. रेवडीच्या कुस्त्या आटोपून जरा जाणती पोरे आखाड्यात उतरू लागली, तेव्हा साहेबांनी एका पोराला जवळ बोलावले, ज्वारीचे कणीस दाबून दाणा भरला की नाही हे पाहावे त्याप्रमाणे त्याचा दंड दाबला, आणि हलगी थांबलेली असल्याची खात्री करून घेऊन मोठ्याने म्हणाले, ‘‘पावणेनऊ.’’

पोराचा बाप हात जोडून पुढे झाला. ‘‘साहेब, जरा वाढवा की. सव्वानऊ तरी करा.’’

‘‘नियमात बसत नाही,’’ साहेब म्हणाले, व वही मिटली.

त्याच पोराने पुढच्या दोन मिनिटांत आपल्याहून थोराड गड्याला ढाक लावून अस्मान दाखवले, फेटे उडाले, आणि सर्वांच्या नजरा साहेबांकडे वळल्या. साहेब तिळमात्र विचलित झाले नाहीत. ‘‘ती नजरअंदाज होती,’’ ते म्हणाले. ‘‘आता सुधारित घ्या. साडेअकरा.’’ शासनाची पैसेवारी सप्टेंबरअखेर नजरअंदाजाने, पुढे सुधारित व डिसेंबरात अंतिम अशी तीन वेळा निघते, ही गोष्ट ज्याने सोसलेली आहे त्यालाच या युक्तीतील अभेद्यता कळेल: पोरगा जिंकला तर सुधारित, हरला तर अंतिम, आणि दोन्ही प्रसंगी गिरदावरसाहेब बरोबर.

सोळा आणे त्यांनी आजवर कोणालाच दिलेले नाहीत. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत दुसरा आला, पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूला त्याहून अवघे सेकंदाचे पाच शतांश कमी लागले, आणि सारा जिल्हा पेढे वाटीत असताना साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘साडेपंधरा. अर्धा आणा बांधालगत राहिला.’ पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतले, तेव्हा पंधरा आणे तीन पैसे झाले. उरलेला एक पैसा ऑलिंपिकपर्यंत राखून ठेवण्यात आला, आणि पॅरिसच्या अंतिम शर्यतीत तो अकरावा आल्यानंतर तो पैसा अद्याप सरकारजमाच आहे. पाटोद्याचा राहुल आवारे याची 2016 च्या रिओ ऑलिंपिकची संधी हुकली, त्या सालापुढे ‘पीक उभे होते, गारपिटीने गेले, पंचनामा व्हावा’ असा शेरा आहे. आणि 2018 साली गोल्ड कोस्टला त्याने 57 किलो गटात कॅनडाच्या मल्लाला 15-7 असे हरवून सुवर्ण मिळवले, तेव्हा त्याच शेऱ्याखाली ‘रब्बीत भरपाई झाली’ एवढीच भर पडली. बीडच्या सचिन धसने 2024 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात, 245 धावांचा पाठलाग करताना भारताची 4 बाद 32 अशी दैना झालेली असता, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा करून सामना ओढून आणला. त्या रात्री फटाक्यांच्या आवाजात साहेबांनी मला थांबवून शांतपणे सांगितले, ‘‘गुरुजी, चार धावांचा सारा थकीत आहे.’’

हे सर्व मी विनोद म्हणून सहन केले असते. परंतु एके दिवशी त्यांनी माझ्या पुतण्याची पाहणी केली. पुतण्याची बॅट किमती आहे, त्याचे हातमोजे पुण्याहून आणलेले आहेत, आणि तो घरच्या गच्चीवर उत्तम खेळतो. साहेबांनी त्याला दोन चेंडू खेळताना पाहिले, तिसरा पाहण्याची तसदी घेतली नाही आणि लिहिले, ‘साडेसहा’. म्हणजे आमचे घराणे सरळ दुष्काळग्रस्तांत जमा झाले!

तेव्हापासून त्यांना निरुत्तर करणे हे मी आपले कर्तव्य मानले व त्यासाठी परदेशाचा आश्रय घेतला. मी त्यांना सांगितले की, अमेरिका व कॅनडा या देशांत बर्फावर हॉकी खेळणारे धंदेवाईक संघ आहेत. 1963 सालापासून ते दरवर्षी कोवळ्या पोरांची क्रमवार निवड करतात, त्यासाठी पगारी पारखी गावोगाव हिंडवतात, आणि एवढा सरंजाम असूनही 1998 साली रशियाचा दात्स्यूक 171 व्या क्रमांकावर निघाला, जो पुढे डेट्रॉइटच्या संघाला दोनदा स्टॅनली चषक मिळवून देणाऱ्यांत होता, आणि त्याच संघाचा स्वीडनचा झेटरबर्ग 1999 साली 210 व्या क्रमांकावर. तेव्हा साहेब, पोरांची अशी प्रतवारी लावणे हा शुद्ध भ्रम नव्हे काय?

साहेबांनी दीर्घकाळ विचार केला. मग म्हणाले, ‘‘त्यांचा तलाठी बांधावर गेलाच नसेल. कचेरीत बसून आकडे भरले असतील.’’ आणि क्षणभराने, ‘‘बर्फाचं म्हणाल तर आपला अविनाश फौजेत सियाचीनला राहून आला. 171 कामून, मी त्याला नजरअंदाजालाच तेरा दिले होते.’’ ही तेराची नोंद मी वहीत शोधली. ती होती, फक्त शाई ताजी वाटत होती.

या गृहस्थाविषयी चार बरे शब्द लिहिण्याची पाळी माझ्यावर आणली ती तालमीच्या वस्तादांनी. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर निघतात. मागे म्हातारी माणसे राहतात, आणि त्यांच्यापाशी तालमीत जाणारी एखाददुसरी पोरे. अशा पोरांना खुराक कोठून मिळणार? आडत बाजारातील एका व्यापाऱ्याने दुबळ्या पोरांसाठी रोज शेरभर दुधाची सोय केलेली आहे. दुबळे कोण हे ठरवावयाचे कसे, म्हणून त्याने साहेबांचे माप प्रमाण मानले, व आठ आण्यांखालच्या प्रत्येक पोराला दूध चालू झाले. ‘‘आणि गुरुजी,’’ वस्ताद म्हणाले, ‘‘यादीत साडेसातला बसवलेलं ते लेकरू आपल्या वजनात साऱ्या तालमीला चीत करतंय.’’

मी साहेबांना गाठले. चोरी पकडल्याचा आनंद मला लपवता आला नसावा. त्यांनी काही न बोलता वही उघडली, ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांची पाने काढली, आणि समासात पेन्सिलीने बारीक काढलेले आकडे मला दाखवले. साडेसातच्या शेजारी चौदा होते. पावणेआठच्या शेजारी साडेबारा होते. जी पोरे आई-बापांबरोबर फडावर गेली होती त्यांची नावे खोडलेली नव्हती. त्यांच्यापुढे ‘पड’ असे लिहिलेले होते, आणि पड जमीन पुढच्या साली वहीत येऊ शकते, हे महसूल खात्यातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

‘‘नोकरीत बांधावर उभं राहून पाच आणे पाहिले, गुरुजी, आणि कागदावर नऊ लिहिले,’’ ते म्हणाले. ‘‘आकडा वरून यायचा. आठाच्या खाली गेलं की सारा माफ करावा लागतो, पोरांची परीक्षा फी माफ करावी लागते, टँकर द्यावा लागतो. म्हणून पीक जळालं तरी आकडा हिरवा. लोक मला शिव्या द्यायचे, त्या बरोबर होत्या. आता चौदा पाहतो आणि साडेसात लिहितो. जुना हिशोब मोठा आहे, शेर-शेर दुधानं काय फिटतो?’’

मला त्या क्षणी त्यांच्याविषयी आदर वाटला, हे नाइलाजाने नमूद करतो. पण त्याच वेळी एक आशाही मनात अंकुरली. आवाज शक्य तितका उदासीन ठेवून मी विचारले, ‘‘म्हणजे साहेब, आमच्या पुतण्याचे साडेसहासुद्धा…?’’

त्यांनी पान उलटले. समास कोरा होता.

‘‘घरी म्हशी किती?’’ त्यांनी विचारले.

‘‘दोन.’’

‘‘दुभत्या?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘मग साडेसहा जास्तच झाले,’’ असे म्हणून गिरदावरसाहेबांनी टोपण काढले व माझ्यादेखत सहा केले.