लेक-टच, सात-बारा क्लिअर

मावळाला निसर्गानं डोंगर दिले, पाऊस दिला, करवंदं दिली. तळी मात्र दिली नाहीत. वळवण, शिरोता आणि मुळशी टाटांनी दिली, खडकवासला इंग्रजांनी बांधलं, पवना, पानशेत, वरसगाव स्वराज्य आल्यावर झाली. पुण्याच्या पश्चिमेला पाण्याकडे बघत उसासा टाकावा अशी जागा दिसली की समजावं, पलीकडे कुठंतरी धरणाची भिंत आहे आणि तिच्यावर पाटबंधारे खात्याची पाटी आहे. आमच्या माहितीपत्रकात आम्ही 'निसर्गाच्या कुशीत' असं छापतो. 'जलसंपदा विभागाच्या कुशीत' असं छापलं तर रविवारी पेट्रोल जाळून कोण येणार?

मी पवना धरणाच्या काठावर जमिनी दाखवतो. ऑफिस पवनानगरला, ज्याला जुनी माणसं अजून काळे कॉलनीच म्हणतात. खाली वडापावची गाडी, वरच्या खोलीत मी. भिंतीवर महारेराचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे. २०२३ पासून आम्हा एजंटांनाही परीक्षा आली. बारावीनंतर मी पुन्हा पेपर लिहीन असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. पास झालो तेव्हा बायकोनं पेढे वाटले आणि मी त्याच दिवशी व्हिजिटिंग कार्डावर 'सर्टिफाइड' घालून घेतलं. पूर्वी जे तोंडी सांगत होतो तेच आता प्रमाणपत्रासकट सांगतो.

माल तसा बोलका आहे. समोर तुंग, एका अंगाला तिकोना, पाठीशी लोहगड आणि विसापूर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात लोहगड आला. गडावरचा एक दगड हलला नाही, खाली गुंठ्याचा भाव मात्र हलला. आमच्यातल्या एकानं त्याच आठवड्यात 'युनेस्को व्ह्यू प्लॉट्स' असा फ्लेक्स लावला. महाराजांनी हा प्रदेश राखण्यासाठी काय काय केलं ते फ्लेक्सवर मावलं नाही, कारण खाली मोबाइल नंबर मोठा घ्यायचा होता.

मे महिन्यात साइट दाखवू नये, हा या धंद्याचा पहिला नियम. आमचे सगळे फोटो सप्टेंबर-ऑक्टोबरातले. धरण काठोकाठ, डोंगर हिरवे, पाण्यात तुंग उलटा. मे महिन्यात तेच पाणी इतकं आत सरतं की 'लेक-टच' प्लॉटवरून लेकला टच करायचा तर पायात चप्पल, डोक्यावर टोपी आणि हातात बाटली घेऊन निघावं लागतं. तरी यंदा लोअर परळचं एक जोडपं ऐन मे महिन्यात येऊन ठेपलं. गाडीतून उतरल्या उतरल्या साहेबांनी विचारलं, "पाणी कुठंय?"

"येतंय, सर. जूनच्या शेवटी."

समोर भेगाळलेला गाळ, त्यावर म्हशी, म्हशींमागे डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी. लांब वाघेश्वराचं देऊळ दिसत होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. मॅडमना ते फार आवडलं. "हे टेम्पल ॲमेनिटीजमध्ये आहे का?" मी म्हटलं, "आहे ना मॅडम, फक्त सीझनल आहे." त्यांनी लगेच फोनमध्ये टिपून घेतलं.

त्या देवळाच्या अलीकडे कुठंतरी आमच्या घरची दोन भातखाचरं आहेत. म्हणजे होती. आजी काठावर बसून बोटानं जागा दाखवायची. मीही ग्राहकाला त्याच दिशेला बोट दाखवतो. आजीला त्या बोटाचे काही मिळाले नाहीत, मला दोन टक्के मिळतात. याला आमच्याकडे शिकल्यासवरल्याचा फायदा म्हणतात.

साहेबांनी व्हिजिटिंग कार्ड दिलं, त्यावर ऑफिसचा पत्ता सेनापती बापट मार्ग. मला गंमत वाटली. १९२१ साली मुळशीत धरण होऊ नये म्हणून शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रहाला बसले ते हेच सेनापती बापट. धरण झालं, त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली आणि बापटांना मुंबईत रस्ता मिळाला. पुण्यातही मिळाला. आता दोन्ही रस्त्यांवरच्या काचेच्या इमारतींतून लोक वीकएंडला निघतात आणि मुळशीत लेक-व्ह्यू शोधतात. हे मी साहेबांना सांगितलं नाही. ग्राहकाला इतिहास फक्त शिवकालीन आवडतो.

अलीकडच्या इतिहासाची तर आम्ही फार काळजी घेतो. मुंबईहून द्रुतगती महामार्गानं येताना बऊर लागतं. तिथं ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी रस्त्यावर उतरले होते. पवनेचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायला त्यांचा विरोध होता. पोलिसांनी गोळीबार केला, तिघे गेले. ग्राहक माझ्या गाडीत असला की त्या पट्ट्यात मी गाणी लावतो. माहितीपत्रकात 'शांत परिसर' असं छापलेलं असतं ना.

पाण्याचा हिशेब मात्र कुणाच्याही डोक्यात बसणार नाही असाच आहे. धरणात साडेआठ टीएमसी पाणी. ते नदीत सोडायचं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना द्यायचं. तिथं २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं. म्हणजे चिंचवडचा आयटीवाला नळाला न येणारं आपलंच पाणी बघायला सहकुटुंब माझ्याकडे येतो आणि ते बघण्याचे लाखांत पैसे देतो. बंगला बांधून झाला की त्याला कळतं की समोरचं पाणी उचलायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते. मग तोही टँकर मागवतो. धरण उशाला, कोरड घशाला हे पूर्वी फक्त गावकऱ्यांपुरतं होतं. आता बंगलेवालेही त्यात आले, एवढी समता धरणानं आणली.

धरणासाठी बाराशेच्या आसपास खातेदारांच्या जमिनी गेल्या. त्यातले आठशेच्या वर अजून पर्यायी जमिनीची वाट बघतायत. धरणाला पन्नास वर्षं होऊन गेली, मोर्चे निघतात, बैठका होतात, मंत्री 'सकारात्मक' असतात. दरम्यान संपादित झालेली पण पाण्याखाली न गेलेली जमीन काठाकाठानं सरकारच्या नावावर पडून आहे. म्हणजे कागदावर पडून आहे. प्रत्यक्षात कुठं त्यावर हिरवळ आहे, कुठं झोपाळा, कुठं तंबूंची रांग. ग्राहक विचारतो, "कुंपणापासून पाण्यापर्यंतची ही जागा कोणाची?" मी म्हणतो, "सर, वापर तुमचाच." या वाक्यात खोटं काही नाही. परीक्षेत विचारलं असतं तरी मी हेच लिहिलं असतं.

आता कागदपत्रं. शहरी माणसाला वाटतं सात-बारा म्हणजे फ्लॅटच्या इंडेक्स टू सारखाच एक कागद. मी त्याला आमचा एक सात-बारा दाखवतो. नावं मोजता मोजता साहेबांचा चहा गार होतो. मयत आजोबा, त्यांची मयत भावंडं, वारस नोंद न झालेली एक शाखा, 'इतर हक्का'त एक चुलत आत्या जी १९८० च्या आसपास घाटकोपरला दिली. एका व्यवहारात एक हिस्सेदार सापडत नव्हता. शेवटी कळलं, तो मुंबईत डबे पोचवतो. आमच्या मावळातली, मुळशीतली कितीतरी माणसं त्या धंद्यात आहेत. सही घ्यायला गेलो तर तो म्हणाला, ज्या साहेबांना जमीन घ्यायचीय त्यांच्याच ऑफिसच्या मजल्यावर रोज डबा देतो. सही करताना त्यानं एवढंच विचारलं, "साहेबांना कारलं चालतं का? घरून बरेचदा येतं, पण डबा तसाच परत जातो."

नावं जुळली की कायदा आडवा येतो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३. हे ऐकलं की प्रत्येक सॉफ्टवेअर इंजिनिअरला अचानक गाव आठवतं. मग कोकणातल्या कुठल्या तरी वाडीत पणजोबांच्या नावावरची तीन गुंठे वरकस सापडते, त्यात दोन काजू आणि चौदा चुलतभाऊ. त्या तीन गुंठ्यांवर साहेब शेतकरी होतात. गावी वर्षानुवर्षं गेलेले नसतात, पण सात-बारा काढायला मात्र रात्रीची गाडी पकडून जातात.

दुसरा अडथळा तुकडेबंदीचा. कायदा १९४७ चा. २०२३ च्या अधिसूचनेनं जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी मर्यादा घातली. त्याखाली तुकडा करून खरेदीखत होत नाही. अलीकडे त्यात सवलती निघतायत, पण धंदा सवलतींची वाट बघत थांबत नाही. आमचा उपाय सोपा. अकरा अनोळखी माणसं गोळा करायची आणि एकाच खरेदीखतावर सह्या घ्यायच्या. क्षेत्र सामाईक, आतले प्लॉट चुन्याच्या फक्कीनं. हिंजवडी, खराडी, ठाणे, डोंबिवली अशा ठिकाणांहून आलेली माणसं एका दुपारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एकमेकांची भाऊबंद होतात. जाताना एकत्र फोटो काढतात. व्हॉट्सॲपवर ग्रुप होतो, त्याला 'लेक फॅमिली' असं नाव पडतं.

भाऊबंदकी ही खेड्यातल्या अडाण्यांची खोड आहे, असं मी शहरी माणसांकडून लहानपणापासून ऐकत आलो. या ग्रुपनं माझी ती समजूत पार काढून टाकली. पहिल्या पावसात फक्की वाहून गेली. सात नंबरवाल्यानं कुंपण घातलं ते आठ नंबरवाल्याच्या म्हणण्यानुसार दीड फूट आत. आठ नंबरवाला अमेरिकन कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण मला त्याचा फोन आला तेव्हा तो बांधाबद्दल जे बोलला ते थेट माझ्या आजोबांच्या तोंडचं होतं. शिव्यासुद्धा. तीन नंबरवाल्यानं रस्त्यावर गेट बसवलं. पाचवाल्यानं मोजणीचा अर्ज केला. मोजणीला भूमापक आला त्या दिवशी चार बंगल्यांतून चार ड्रोन उडत होते. अमावास्येला दगड सरकवणं तेवढं राहिलंय, तेही होईल. शेतकरी दाखला घेतला तो काही उगाच नाही.

पाऊस सुरू झाला की खरा निवाडा लागतो. जूनमध्ये काजवे बघायला सगळे येतात. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, गादीला वास येतो, इन्व्हर्टर संपतो, रेंज जाते आणि मुलं म्हणतात, पुन्हा नको. मग बंगल्यात उरतो तो केअरटेकर. आमच्याकडे बहुतेक बंगल्यांचा केअरटेकर हा त्याच गटाचा आधीचा मालक किंवा त्याचा भाऊ असतो. अशाच एका बंगल्यावरचे मामा पूर्वी इथं भात लावायचे, आता लॉन कापतात. बोअर कुठं मारायची, कुठल्या बाजूनं पाणी घुसतं, साप कुठून येतो हे फक्त त्यांना ठाऊक. मालक त्यांना 'अवर लोकल गाय' म्हणून पाहुण्यांना भेटवतो. मामा हसून नमस्कार करतात आणि पाहुण्यांसाठी बाजारातून इंद्रायणी तांदूळ आणून देतात.

मागच्या वर्षी 'लेक फॅमिली'नं ग्रामपंचायतीला निवेदन दिलं. शेजारच्या शेतकऱ्यानं काठावर तंबू टाकले होते. शनिवारी रात्री कराओके, बार्बेक्यू, मध्यरात्रीनंतरही गाणी. निवेदनात लिहिलं होतं की आम्हा स्थानिकांच्या शांततेचा भंग होतो आणि बाहेरून येणाऱ्या लोकांमुळे परिसराचं मूळ स्वरूप बिघडतं. सह्या करणाऱ्यांतला सर्वात जुना स्थानिक तीन वर्षांपूर्वीचा. सरपंचानं निवेदन नीट वाचलं, पोच दिली आणि 'बाहेरून येणाऱ्या' या शब्दांखाली पेनानं रेघ मारली. माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं झालं. तंबूवाल्याला ती जागा भाड्यानं मीच मिळवून दिली होती.

लोक मला विचारतात, सगळा काठ संपला की काय करणार? काठ संपत नाही. तीन वर्षांत साधारण निम्मे बंगले परत माझ्याच टेबलावर येतात. घटस्फोट, बदली, गुडघेदुखी, बुरशी, आठ नंबरवाला. विकणाऱ्याला मी समजावतो की बाजार जरा थंड आहे, घेणाऱ्याला सांगतो की अशी संधी पुन्हा नाही, आणि दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेतो. एकाच जमिनीवर माझी दलाली तीनदा झालेली उदाहरणं आहेत. भातावर एवढी पिकं कुणी घेतली नसती.

परवा मामांचा मुलगा ऑफिसात आला. बी.कॉम. झालाय, दुसरीकडे कुठं लागलं नाही. खुर्चीत बसला, भिंतीवरचं प्रमाणपत्र निरखलं आणि म्हणाला, "दादा, ही परीक्षा कशी असते? अवघड असते का? घरची जमीन तर गेली, निदान दाखवायचं तरी काम करावं म्हणतो. मला सगळे गट तोंडपाठ आहेत. कुठल्या प्लॉटखाली कुणाचं खाचर होतं, सगळं."

पोरगा चुणचुणीत आहे, त्यात वादच नाही. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, पेपर फार अवघड असतो रे, आणि इंग्रजीत असतो.