साठ दिवसांनंतरची भूक

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला सहकुटुंब जायचं ठरलं, की मोठ्यांचे व्हिसा, विमानाची तिकिटं, राहायची सोय ही किरकोळ कामं आधी उरकून घ्यावीत. मग मुख्य प्रश्नाला हात घालावा. आजपासून साठ दिवसांनी, मंगळवारी दुपारी सव्वा वाजता, सासूबाईंना कशाची भूक लागलेली असेल?

ज्यांना हा प्रश्न हसण्यावारी न्यावासा वाटतो, त्यांनी पुढचं वाचू नये. तिथली जी रेस्टॉरंटं टेबलाशी येऊन वाढतात, त्यांची आरक्षणं साठ दिवस आधी, फ्लोरिडाच्या पहाटे सहाच्या सुमाराला उघडतात. २०२० च्या टाळेबंदीआधी ही मुदत १८० दिवसांची होती, म्हणजे दिवाळीचा फराळ चाललेला असताना वैशाखातली भूक ठरवून टाकावी लागे. त्या मानानं आताची अट माणुसकीची आहे. शिवाय मराठी माणसाचं प्रशिक्षण आधीच झालेलं आहे. आपल्या रेल्वेनंही १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० वर आणलं. गणपतीत कोकणकन्येचं तिकीट काढायला जो सकाळी आठच्या ठोक्याला बटणावर बोट ठेवून बसला आहे, त्याला मिकी माऊसचं काय भय! कौशल्य तेच: कार्डाचा नंबर पाठ हवा, पर्यायी वेळा कागदावर हव्यात, आणि त्या पाच मिनिटांत घरातल्या कुणीही वायफायवर मालिका पाहू नये.

हे काम कुणी करावं? पहाटे सहाला न्यू जर्सीतल्या मुलाला उठवणं क्रूरपणाचं आहे. त्या वेळी भारतात उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. तेव्हा ही जबाबदारी पुण्यातल्या अण्णांवर सोपवावी. उन्हाळी सहलीच्या बाबतीत मात्र अण्णा चारपर्यंत झोपलेले असतात, आणि डिस्नेच्या यंत्रणेत याची सोय नाही. ज्यांना अण्णांच्याच हातून आरक्षण करून घ्यायचं आहे, त्यांनी सहल जानेवारी-फेब्रुवारीत ठेवावी.

आता एक बारीक नियम. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाआधी साठ दिवस खिडकी उघडते, आणि त्याच वेळी मुक्कामाच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी जेवणं एकदम नोंदवता येतात. म्हणजे पहिल्या दिवसाची भूक साठ दिवस आधी, तर दहाव्या दिवसाची जवळजवळ सत्तर दिवस आधी ठरते. म्हणून मिळायला अवघड असलेली जागा मुक्कामाच्या शेवटी घ्यावी. तिथवर बाहेरच्यांचे हात अजून पोचलेले नसतात. बाहेरचे म्हणजे किसिमीला व्हिला भाड्यानं घेणारे, आणि आपली बहुतेक मोठी कुटुंबं यातच मोडतात, कारण व्हिलात स्वयंपाकघर असतं आणि सामानात कुकर असतो. त्यांना दर दिवसासाठी वेगळी पहाट गाठावी लागते. वरण-भाताची ही किंमत मोजायची की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आरक्षणाला बसताना शेजारी कालनिर्णय असावं. हे विनोदानं सांगत नाही. अमेरिकेतल्या शाळांची सुटी जून ते ऑगस्ट, म्हणजे आषाढी एकादशी आणि श्रावणातले सोमवार बहुतेक त्यातच सापडतात, आणि ज्यांचा चातुर्मासाचा नेम आहे त्यांचा कांदा-लसूणही बंद होतो. डिस्नेची बरीच मोठी जेवणं माणशी ठरावीक दराची असतात. टेबलावर बसलेल्यानं चार प्लेट खाल्ल्या काय किंवा एक केळं खाल्लं काय, बिल तेच. उपास असलेल्या आत्याबाईंना ‘नुसत्या बसतील’ म्हणून नेता येत नाही. आसनसंख्येत त्या मोजल्या जातात आणि भगरीची चौकशी करूनही त्यांना पूर्ण दर पडतो. संकष्टीला तर आणखी पेच. चंद्रोदय फ्लोरिडाचा धरायचा की डोंबिवलीचा, यावर घरात मतभेद असतील तर ते साठ दिवसांत मिटवावेत. फ्लोरिडाचा धरला, तर उन्हाळ्यात चंद्र उगवेपर्यंत बहुधा सिंड्रेलाच्या किल्ल्यावरची आतषबाजीही आटोपलेली असते, आणि उरलेल्या धुरातून त्याचं दर्शन घ्यावं लागतं.

मुलांची वयंही आधीच नक्की करावीत. तीन वर्षांखालच्यांना ठरावीक दराच्या जेवणात पैसे पडत नाहीत. तीन ते नऊ म्हणजे मूल. दहावं पूर्ण झालं की डिस्नेच्या लेखी माणूस प्रौढ होतो आणि मोठ्यांच्या दरात जेवतो. एसटीच्या हाफ तिकिटावर वाढलेल्या पिढीला इथे फार मोह होतो. पण ‘तू नऊचाच आहेस’ असं नातवाला बजावून आत नेलं, तर तो पहिल्याच राजकन्येला आपलं खरं वय, जन्मतारीख आणि आजोबांनी काय सांगायला सांगितलं तेही सांगतो.

आता कुठं आरक्षण करावं ते पाहू. मॅजिक किंगडममध्ये १८९ फूट उंचीच्या किल्ल्याच्या पोटात सिंड्रेलाज रॉयल टेबल आहे. सगळे इथंच धावतात. दर मोठ्या माणशी साठ डॉलरच्या वर, त्यात राजकन्या टेबलाशी येऊन फोटो देतात. लहान मुलगी असेल आणि तिला त्या राजकन्यांची नावं पाठ असतील, तर हा खर्च टळणार नाही. नसेल, तर किल्ला बाहेरून फुकट दिसतो आणि बाहेरूनच चांगला दिसतो. एक गंमत अशी, की १९७१ साली उघडलेलं हे भोजनगृह १९९७ पर्यंत राजा स्टीफनच्या नावावर होतं. हा राजा सिंड्रेलाचा कुणीच लागत नाही; तो स्लीपिंग ब्यूटीचा बाप. सव्वीस वर्षं एका मुलीच्या घरात दुसरीच्या वडिलांच्या नावानं पंगती उठल्या आणि कुणी व्याह्यानं तक्रार केली नाही.

बी अवर गेस्ट हे २०१२ साली उघडलेलं राक्षस-राजपुत्राचं भोजनगृह. खिडकीबाहेर खोटा बर्फ पडत असतो. इथं पहिल्यांदा मॅजिक किंगडममध्ये वाइन आणि बिअर मिळू लागली; त्याआधी ४१ वर्षं तिथं दारूबंदी होती. काकांना हे आधी सांगू नये.

हॉलिवूड स्टुडिओजमधलं फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे तर टाळाच, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५० च्या दशकातलं अमेरिकन स्वयंपाकघर, कृष्णधवल टीव्ही, आणि वाढणारे लोक घरातल्या मावशी-मामांसारखे वागतात. कोपर टेबलावर टेकलं तर ओरडतात, भाजी टाकली तर संपवायला लावतात. अमेरिकन माणूस यासाठी पैसे मोजतो, कारण ही सेवा त्याला घरी मिळत नाही. आपल्याकडे ती सहलीबरोबरच आलेली असते, आणि पहाटेपासून चालू असते. सासूबाईंसमोर परक्या बाईनं सुनेला ‘पानात टाकू नकोस’ म्हटलं तर त्यातून कोणती आघाडी उभी राहील, हे सांगता येत नाही.

आरक्षण करावंच अशी एक जागा मात्र आहे: ॲनिमल किंगडम लॉजमधलं सना. ते हॉटेलात असल्यामुळे बागेचं तिकीट लागत नाही. मोठ्या काचांबाहेर गवताळ रानात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. आणि टेबलावर येतात नान, कुलचा वगैरे, सोबत नऊ तोंडीलावणी: काकडीचं रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं आणि असंच पुढं. तेरा-चौदा हजार किलोमीटर उडून येऊन चटणी-लोणच्याला एवढे डॉलर मोजायचे का, असा प्रश्न अण्णा विचारतील. विचारू द्यावा. पहिला घास लोणच्याशी लागला की गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच ते वेटरला ‘थँक्यू’ म्हणतात. वेळ दुपारची घ्यावी. अंधार पडला की जिराफ दिसत नाहीत आणि नुसतं लोणचं उरतं.

एपकॉटविषयी एक तक्रार नोंदवून पुढं जातो. तिथं तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या पोटात कायम रात्र असलेलं भोजनगृह आहे, जपान आहे, मोरोक्को आहे. १९८८ साली नॉर्वे आलं आणि मग दार बंद झालं ते झालंच. भारत नाही. तळ्याला चक्कर मारून कुठं उपमा मिळतो का ते शोधणाऱ्या मंडळींनी दोनेक किलोमीटरची तयारी ठेवावी आणि शेवटी जपानी नूडल्सवर समाधान मानावं.

आकडा किती सांगायचा हाही विचार करावा. दोन किंवा चार माणसांचं टेबल तुलनेनं लवकर मिळतं. मराठी कुटुंब आठाचं असतं, आणि ‘बघू, कदाचित नऊ’ असं असतं. यंत्रणेला ‘कदाचित’ कळत नाही. सहा किंवा जास्त माणसं असतील तर बिलात अठरा टक्के टिप आपोआप लागते. ती वाचवण्यासाठी चार-चारची दोन टेबलं घ्यावीत, अशी सूचना व्हॉट्सॲप गटावर हमखास येईल. ती मान्य करण्याआधी कोणत्या टेबलावर कोण बसणार याची यादी करून पाहावी. यादीच्या तिसऱ्या नावापर्यंत बहुतेकांना अठरा टक्के स्वस्त वाटू लागतात.

अंतरांकडे दुर्लक्ष नको. वॉल्ट डिस्नेनं १९६० च्या दशकात वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या उभ्या करून गुपचूप घेतलेली ही जमीन आजही शंभरेक चौरस किलोमीटर आहे. सकाळी मॅजिक किंगडम, दुपारी सना, असं कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात बस, तिची वाट, आणि मधेच ‘जरा टेकू दे’ म्हणून बाकावर बसलेले दोन ज्येष्ठ धरता तास-सव्वा तास सहज जातो. उन्हाळ्यात त्यात दुपारचा पाऊस मिळवावा. आणि धावतपळत वेळेवर पोचलात तरी टेबल मांडून ठेवलेलं असेल असं नाही. तुमच्या आकड्याचं जे टेबल पुढं रिकामं होईल ते तुमचं, एवढाच त्या आरक्षणाचा अर्थ. कोकणकन्येच्या भाषेत सांगायचं तर डबा मिळाला, बर्थ गाडीत शिरल्यावर.

मग आरक्षण करूच नये का? हाही पंथ आहे आणि त्याचे अनुयायी सुखी दिसतात. उभ्यानं घेऊन जायच्या खाद्यगृहांना आरक्षण लागत नाही. ॲपवर मागणी नोंदवून ठरलेल्या वेळी खिडकीशी जायचं. तिथं पेल्यात पाणी फुकट मिळतं, पण ते बर्फाचं असतं. ‘साधं पाणी’ ही संकल्पना समजावून देण्यासाठी गटातल्या इंग्रजी चांगलं असलेल्या माणसाला पुढं करावं. शिवाय डिस्ने बाहेरचं खाणं आत आणू देतं. मुख्य अटी दोन: बरणी काचेची नसावी आणि गरम करून देण्याची मागणी नसावी. दोन्ही अटी जणू धपाट्यांसाठीच लिहिल्या आहेत. दशम्या, तिळाची चटणी, चिवडा, रव्याचे लाडू. एवढं पाठपिशवीत असलं की दुपारी एक वाजता किल्ल्याच्या सावलीत बसून साठ दिवस आधी जागलेल्या लोकांकडे करुणेनं पाहता येतं. सावलीतली जागा मात्र आरक्षित करता येत नाही, ती आजींना पुढं पाठवून धरावी लागते.

माझा सल्ला विचाराल तर, आठवड्याला दोन आरक्षणं, त्यातलं एक सना, आणि दोन्ही दुपारची. भूक कधी लागेल हे आधी ठरवता येत नाही, पण ऊन कधी लागेल हे ठरलेलं असतं. दीड वाजता वातानुकूलित खोलीतल्या आठ खुर्च्या मिळतात, बरोबर जेवण येतं. बाकीच्या दिवशी धपाटे. साठ दिवस आधी जे मिळालं नाही ते पुष्कळदा आदल्या दिवशी मिळतं, कारण त्या दिवशी लोकांची स्वप्नं आणि पाय दोन्ही थकलेले असतात आणि भराभर रद्द करणं चालू होतं. अण्णांना ॲप दाखवून ठेवावं. रेल्वेचं वेटिंग कन्फर्म झालं का ते दर दहा मिनिटांनी पाहण्याची सवय इथं कामाला येते.

शेवटी रद्द करण्याविषयी. बहुतेक ठिकाणी ठरल्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत विनाशुल्क रद्द करता येतं. त्यानंतर, किंवा न सांगता गैरहजर राहिल्यास, माणशी दहा डॉलर कापले जातात. आठ माणसांचे ऐंशी. अण्णा हे लगेच रुपयांत करतात आणि आकडा सात हजारांच्या आसपास येतो. पोटं भरलेली आहेत, मुलं पेंगलेली आहेत, बाहेर पाऊस आहे, तरी सात हजार वाया जाऊ नयेत म्हणून आठही जण ओल्या चपलांनी बसमध्ये चढतात आणि पाचशे डॉलरचं जेवून येतात. म्हणून रद्द करण्याचा अधिकार अण्णांना देऊ नये. ज्या सदस्याला अजून डॉलरचे रुपये करता येत नाहीत, त्याच्याच हाती फोन असावा. आमच्या पाहणीत असे सदस्य तीन ते नऊ या वयोगटात आढळतात.