बांगड्याचे मोजे विणण्याची शास्त्रोक्त पद्धत

थंडीचे कपडे विणायचे तर आधी थंडी हवी, असा एक गैरसमज आहे. मालवण तालुक्यातल्या कट्टा गावात तो विशेष रुजलेला दिसतो. होतकरू विणकरणीने लोकरीचा गुंडा हातात घेण्याआधी भारतीय हवामान विभागाचे निकष पाठ करावेत. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली उतरलं, तरच थंडीच्या लाटेचा विचार सुरू होतो. किनारपट्टीला मात्र विभागाने सवलत दिली आहे. पारा सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी घसरला आणि १५ अंशांवर किंवा खाली आला, तर तिथेही थंडीची लाट म्हणता येते. कट्टा मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत, कसालच्या रस्त्यावर आहे. पण सवलतीवर हक्क सोडावा इतकं काही आत नाही. १५ अंशांना सिमल्याचा माणूस खिडक्या उघडेल. कट्ट्याचा माणूस कानटोपी शोधेल, आणि सरकारी कागद त्याच्या बाजूने असेल. ‘गो बाय, हय थंडी खंय आसा?’ असं शेजारीण विचारणारच. तिला हा निकष ऐकवावा आणि टाके घालायला बसावं.

तरीही शेजारणीचं समाधान झालं नाही, तर तिला जत्रेची आठवण करून द्यावी. कार्तिकात गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात. पालखी, देवदर्शन आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार. आधी आडदशावतार, त्यात वेद चोरणारा संकासुर, मग रात्रभर आख्यान. नाटक संपेपर्यंत उजाडतं. पार्सेकर, आरोलकर, खानोलकर, मोचेमाडकर, वालावलकर अशा मंडळांचे राजे रंगमंचावर भरजरी पोशाखात तलवारी फिरवत असतात, त्यामुळे त्यांना ऊब असते. समोर उघड्यावर जमिनीवर बसलेल्या प्रेक्षकाला फक्त कथानक असतं. पहाटे तीनच्या पुढे राक्षसाचा वध लांबत जातो तशी थंडी पायाच्या बोटांपासून वर चढू लागते. सिंधुदुर्गात लोकरीच्या मोज्याला एवढी एकच वेळ खरोखर मिळते, आणि पुढचा सगळा नमुना त्या वेळेसाठी आहे.

(आंब्याच्या बागायतदारांना थंडी हवीच असते, कारण ती पडल्याशिवाय हापूसला मोहोर नीट येत नाही. पण झाडाला मोजे घालावेत असं अजून कोणी सुचवलेलं नाही.)

आता सामान. दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं त्याचा मेंढीशी बहुतेक वेळा काहीही संबंध नसतो; ते अ‍ॅक्रिलिक असतं. लुधियानाच्या वर्धमान किंवा ओसवालच्या वेष्टनावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं, ते वाचण्याची सवय मात्र कोणालाच नसते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर आणून पाहावी. तिच्या घोंगड्या उत्तम होतात. मोजा केला तर तो घालणाऱ्याला रात्रभर जागं ठेवील, आणि दशावताराला गेलेल्याची निदान तेवढी सोय होईल. बाकीच्यांनी बारीक ‘बेबी वूल’ घ्यावं. मोठ्या माणसाच्या जोडीला साधारण १०० ग्रॅम पुरतं.

सुया पाच हव्यात, दोन्ही टोकांना अणकुचीदार, मोज्यांसाठी संचाने मिळतात त्या. नंबराबाबत सावध राहावं. आपल्याकडे जुनी विलायती पद्धत अजून चालते, आणि तिच्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १३ नंबर म्हणजे सव्वादोन मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. इंग्रज गेले, शाळेत दशमान पद्धत आली, रुपयाचे आणे गेले, पण सुयांच्या नंबराला अजून कोणी हात लावलेला नाही.

रंग निवडताना गावची माती विसरू नये. जांभ्याची तांबडी धूळ पांढऱ्या लोकरीला दोन दिवसांत आपल्यात घेते. म्हणून पांढरा मोजा फक्त बारशापुरता ठेवावा, कारण त्या वयात माणूस जमिनीवर पाय टेकत नाही.

मोज्याच्या घाटाचा प्रश्न सर्वांत अवघड. कट्ट्यात बूट घालतो तो शाळकरी मुलगा किंवा नवरदेव. उरलेलं गाव चपलेत असतं, आणि चपलेच्या अंगठ्यात साधा मोजा जात नाही. यावर उपाय नवा नाही. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथे सापडलेले तांबड्या लोकरीचे मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. ते इ.स. २५० ते ४२० च्या दरम्यानचे. एका सुईने, गाठी घेत घेत केलेले, आणि अंगठ्याची खोली वेगळी. तेही सपातांवर घालण्यासाठीच. वाळवंटातल्या माणसाला सोळा-सतराशे वर्षांपूर्वी जे सुचलं ते मालवणी माणसाने आता मनावर घ्यायला हरकत नाही.

आणि इथेच बांगडा उपयोगी पडतो. सुरमई पायाला लांब होते, पापलेट तर फक्त सुजलेल्या पायालाच बसेल. बांगडा साधारण पावलाएवढा असतो. त्याची पाठ हिरवट निळी, पोट चंदेरी, पाठीवर लांबीच्या दिशेने गडद रेघा, कल्ल्यामागच्या पराजवळ एक काळा ठिपका. आणि मुख्य म्हणजे शेपटी खोलवर दुभंगलेली. चपलेच्या मोज्यात अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला गेली, की ती शेपटीच होते. तोंड वर, पिंढरीकडे येतं. म्हणजे मासा माणसाला पायापासून गिळतो आहे असं दिसतं. आजवरचा हिशेब पाहता याला कोणी मालवणी माणूस आक्षेप घेणार नाही.

पायाचा घेर आठ इंच आणि इंचाला आठ टाके धरले तर ६४ टाके घालावेत, चार सुयांवर १६-१६. पाचवी सुई विणायची. बॉर्डर एक सुलट एक उलट, दीड इंच. हे बांगड्याचे ओठ. त्यापुढे दोन रंग सुरू होतात. समोरच्या ३२ टाक्यांत तीन चंदेरी, एक गडद, असं आठ वेळा. रेघा आपोआप लांबीच्या दिशेने उतरतात. मागच्या ३२ टाक्यांत एक चंदेरी, एक गडद, एकाआड एक, कारण धागा गोल फिरतो आणि दोन्ही रंग मागूनही न्यावेच लागतात. आतल्या बाजूला पाचांहून जास्त टाक्यांएवढा धागा मोकळा लोंबता ठेवू नये. तसा ठेवला तर मोजा चढवताना करंगळीचं नख त्यात अडकतं, आणि जत्रेला निघालेलं घर दारातच थांबतं. दोन रंगांची वीण आखडते, म्हणून या भागाला एक नंबर जाड सुई घ्यावी. जाड म्हणजे लहान नंबराची, १२ ची. वर सांगितलेलं विसरलेल्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचावा.

सहा इंच झाले की टाच. मागचे ३२ टाके घेऊन सरळ-उलट्या ३२ ओळी, नुसत्या चंदेरी लोकरीने, दर ओळीचा पहिला टाका न विणता उचलून. नंतर टाच वळवायची: १८ टाके विणून पुढचे दोन एकत्र, एक सुलट, आणि ओळ अर्धवट सोडून काम उलटं फिरवायचं, पहिला टाका न विणता उचलून उलट बाजूने पाच टाके, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा फिरवायचं. असं दर ओळीला एकेक टाका पुढे सरकत दोन्ही कडा गिळत जायचं. शेवटी १८ टाके उरतात. या टप्प्यावर बहुतेक विणकरणी काम गुंडाळून पिशवीत घालतात, आणि ती पिशवी पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत सापडते. जिद्दीने पुढे गेलेल्यांनी टाचेच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचलावेत. समोरचे ३२ धरून ८२ होतात. मग एक गोल सोडून एक, दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत नऊ वेळा केलं की पुन्हा ६४. हे गणित दरवेळी जमतं, आणि ते पाहून विणणारीलाच थोडं नवल वाटतं.

अंगठ्यासाठी वरून १० आणि खालून १० टाके घ्यावेत, मधल्या फटीत चार नवे घालावेत. २४ टाक्यांची एक नळी झाली. उरलेल्या ४४ टाक्यांना फटीतले चार उचलून ४८ ची दुसरी. बोटांच्या टोकाशी शिवण दिसू न देता टाके जोडण्याची जी रीत आहे ती लॉर्ड किचनेर यांच्या नावाने ओळखली जाते. हेच किचनेर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. पुढे पहिल्या महायुद्धात साम्राज्यभरच्या बायका सैनिकांसाठी मोजे विणू लागल्या, आणि रीतीला नाव मिळालं साहेबाचं. शेवटी काळ्या धाग्याने ठिपका, वर डोळा. डोळा ताज्या मासळीसारखा चकचकीत हवा. निस्तेज डोळ्याचा मोजा कोणी विकत घेणार नाही.

दुसरा मोजा विणण्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पहिल्यात सगळा उत्साह संपतो, हा जगभरचा अनुभव. कट्ट्यात त्यावर असा तोडगा निघू शकेल, की पहिला मोजा नाटक बघताना विणावा आणि दुसरा त्याच मंडळाच्या पुढच्या जत्रेत. मात्र संकासुर आला की सुया खाली ठेवाव्यात. त्याच्या विनोदावर हसताना गळलेला टाका सकाळपर्यंत पाच ओळी खाली जातो.

वापराचे नियम कडक आहेत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बांगड्याचा जोड घालता येत नाही. घरात शिवराक, म्हणजे शाकाहार, असताना पायांनीही ते पाळावं. अशा दिवसांसाठी सोलकढीच्या फिकट गुलाबी रंगाचा एक साधा जोड हाताशी असावा. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आणि त्या काळात नवे बांगडे विणायला घेऊ नयेत, असा संकेत इथे सुचवण्यात येत आहे. एरवीही तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात लोकर विणण्यापेक्षा तिला बुरशीपासून वाचवणं हेच पूर्ण वेळाचं काम असतं.

हातमोजे हा वेगळा विषय. देवाचं चित्र पायावर चालणार नाही, म्हणून अवतार हातांवर. नमुना सावंतवाडीच्या गंजिफांतून, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांतून घ्यावा. तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी ही कला मरू दिली नाही, त्यामुळे नमुने डोळ्यांसमोर आहेत. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०, सगळी गोल. दहा अवतार आणि दहा बोटं, हिशेब आधीच जुळलेला. डाव्या करंगळीवर मत्स्य, मग क्रमाने कूर्म, वराह, नृसिंह. पाचवा वामन बरोबर अंगठ्यावर येतो, सर्वांत बुटक्या बोटावर. ही सोय कोणी केलेली नाही, ती आपोआप झाली आहे. उजव्या अंगठ्यावर परशुराम. कोकणची जमीन त्याने समुद्राकडून घेतली म्हणतात, तेव्हा सातबाऱ्याच्या कामाला जाताना हाच हात पुढे करावा. रेशनच्या दुकानात मात्र यंत्राला उघडा अंगठा लागतो, तिथे परशुरामाचीही ओळख पटत नाही.

टोपडं काजूच्या बोंडूचं. इथे निसर्गानेच विणकरणीचं काम सोपं केलं आहे, कारण बी फळाच्या आत नसते, खाली लोंबते. बोंडू उलटा धरून मुलाच्या डोक्यावर ठेवला की बी बरोबर गोंड्याच्या जागी. पिवळा किंवा लाल, दोन्ही रंग चालतात. मफलरची फारशी चर्चा नको: लांब, हिरवा, दोन्ही टोकांना माडाच्या झावळीसारख्या झिरमिळ्या, झालं.

तयार माल कोणाला द्यायचा? चाकरमानी मे महिन्यात येतात. तेव्हा घामाने निथळणाऱ्या नातवाच्या हातात लोकरीचा बांगडा ठेवताना आजीचा चेहरा गंभीर असावा. डोंबिवलीच्या नातवाला त्याचा तसा उपयोग नाही. न्यू जर्सीच्या नातवाला आहे, निदान घरापासून गाडीपर्यंत. शिवाय परदेशी जाणाऱ्या बॅगेत सुके बांगडे ठेवायला सून का-कू करते, कपड्यांना वास लागतो म्हणून. लोकरीचा बांगडा निमूटपणे जातो.

धुणं थंड पाण्यात, पिळू नये, इस्त्री अजिबात नको. अ‍ॅक्रिलिक वितळलं की बांगडा इस्त्रीलाच चिकटतो. वाळत घालताना खळ्यातली जागा विचार करून निवडावी. शेजारी मीठ लावलेली मासळी वाळत असेल तर मोजे दुसऱ्या बाजूला न्यावेत, कारण वीण चांगली उतरली असेल तर मांजर एक उचलून नेणारच, आणि त्याला दुसऱ्याची गरज नसते. मग पुन्हा ६४ टाके, चार सुयांवर १६-१६.