आमच्या लाइनची लाइन

सकाळी सहाला आमच्या मानखुर्दात आरोळी उठते, "अगं, आमच्या लाइनची लाइन फुटली!" परक्याला वाटेल, बाईला वारं लागलं. पहिली लाइन म्हणजे चाळीतल्या खोल्यांची, दुसरी पाण्याची. तोवर नळावर हंड्यांची तिसरी लागलेली असते. प्लंबर येतो, पाइप ठोकतो आणि म्हणतो, "मेन लाइनलाच प्रेशर नाही, ताई." बाबा रे, संध्याकाळी सहाला कुर्ल्याला उतर. मेन लाइनचं प्रेशर बरगड्यांना कळेल.

आमची लाइन हार्बर. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली ती हिच्यावरच. मान पहिला, पण फास्ट गाडी अजून नशिबात नाही. १९९२ला रूळ खाडी ओलांडून वाशीला गेले. तोवर मानखुर्द म्हणजे लाइनचं शेवटचं टोक.

स्टेशनातला भोंगा सांगतो, "रूळ ओलांडू नका." आई सांगते, "लाइन क्रॉस केलीस तर तंगडं मोडीन." पोरगं आईचं ऐकतं. इथल्या लल्लूभाई कंपाउंडातली कितीतरी कुटुंबं पूर्वी लाइनला खेटूनच राहायची. रेल्वेला जागा हवी झाली, एमयूटीपी नावाच्या रेल्वे प्रकल्पात झोपड्या उठल्या, माणसं इथे इमारतींत आली. आता लाइन लिफ्टसाठी लागते, लिफ्ट चालू असली तर.

शुद्धीवाले म्हणतात, रांग म्हणा, ओळ म्हणा. म्हणतो की! पण वाया गेलेल्या पोराला 'रांगेवर' कसं आणायचं? कट्ट्यावर 'तो तिच्यावर ओळ मारतो' म्हटलं तर लोक वही शोधतील. आणि वरच्या गल्लीतले अण्णा कुठल्या लाइनमध्ये आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला 'व्यवसाय' म्हटलं तर अण्णाच लाजतील.

मूळ लॅटिनात हा शब्द जवसाच्या धाग्याचा. आम्ही त्याची वलणी करून बिऱ्हाड, पाणी, गाडी, प्रेम सगळं वाळत घातलं. त्यात मंडाळ्याला मेट्रोचा डेपो आला, म्हणजे पिवळी लाइन वेगळीच.

फुटलेल्या लाइनसाठी परवा एका कार्यालयात फोन लावला. पलीकडून आवाज आला, "साहेब दुसऱ्या लाइनवर आहेत."

"कुठल्या? वेस्टर्न?"

लाइन कट.