मीटररूम ते पार्किंग

इलेक्ट्रिक गाडीच्या शोरूममध्ये पुणेकर गिऱ्हाईक सगळं विचारून घेतं. एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते, खरी किती जाते, बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, आणि सनरूफ नको असेल तर किती कमी कराल. ही सरबत्ती झेलून झाल्यावर विक्रेता मुलगा फॉर्म भरता भरता एकच प्रश्न विचारतो, ''सर, पार्किंग आपलं स्वतःचं आहे ना?'' सर छातीठोकपणे ''हो'' म्हणतात. पुढच्या सगळ्या भानगडी या एका ''हो''मधून सुरू होतात.

कारण इमारतीखालचं पार्किंग तसं कुणाच्याच बापाचं नसतं. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं, की स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही. ती सामाईक जागा. तिचं वाटप सोसायटी करते. एरवी हे कुणाला आठवत नाही. त्या जागेत जुनी सायकल, नातवाचा पाळणा, उरलेल्या फरशा असं काहीही वर्षानुवर्षं सुखाने नांदतं. पण भिंतीला ड्रिल लागलं रे लागलं, की ''ही भिंत कॉमन आहे'' हा शोध एकाच वेळी चारही मजल्यांवर लागतो.

पण ते पुढे. आधी चार्जर निवडायचा असतो, आणि तिथे गाडीवाल्याचा पुरुषार्थ जागा होतो. पर्याय साधारण तीन. १५ अँपिअरचा प्लग, म्हणजे ३.३ किलोवॅट. भिंतीवरचा डबा, म्हणजे ७.२ किलोवॅट. आणि थ्री फेजवर चालणारा ११ किलोवॅटचा, जो साडूकडे असतो. साडूकडे ११ असताना आपण ३.३ घ्यायचा म्हणजे कार्यात आहेराचं पाकीट उघडून दाखवण्यासारखं. त्यामुळे घरात चर्चा सुरू होते तीच मुळी ७.२ पासून.

यातली गंमत अशी, की भिंतीवर लावतात तो डबा गाडी चार्ज करतच नाही. घरची वीज एसी, बॅटरीला लागते डीसी, आणि एकीची दुसरी करणारं खरं यंत्र गाडीच्या पोटात असतं. भिंतीवरच्या डब्याचं काम सोसायटीच्या सेक्रेटरीचं. तो स्वतः काही करत नाही, फक्त परवानगी देतो. केबल नीट बसली का, अर्थिंग आहे का, हे तो तपासतो आणि सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणाऱ्या एका सिग्नलमधून गाडीला कळवतो, की तुम्हाला जास्तीत जास्त इतके अँपिअर घेता येतील. घेणार किती, हे गाडी ठरवते. गाडीच्या पोटातलं यंत्र ३.३ किलोवॅटचं असेल, तर भिंतीवर ११ चा डबा लावून दिव्यांची रोषणाई तेवढी वाढते. २०२२ साली टियागो ईव्ही आली तेव्हा ७.२ किलोवॅटच्या चार्जिंगसाठी ५० हजार रुपये जास्त मोजावे लागत होते. तेही भिंतीवरचा डबा वेगळा आणि गाडीच्या पोटातलं यंत्र वेगळं हे कळण्याआधी.

आता हिशेब. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर धरू. कोथरूड ते हिंजवडी आणि परत, वाटेत भाजी. एवढ्याला मधली गळती धरून भिंतीतून सातेक युनिट लागतात. १५ अँपिअरच्या प्लगवर ते काम दोन-सव्वादोन तासांत उरकतं. गाडी मात्र रात्री आठ ते सकाळी आठ जागची हलत नाही. ४५ युनिटची बॅटरी पार रिकामी करून आणली तरच १५ तासांची आणि सात तासांची तुलना करण्यात अर्थ. आणि पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की पंप शोधणारा माणूस बॅटरी पार रिकामी करून घरी कशाला येईल? २००१ साली बेंगळुरूची रेवा आली, तीसुद्धा १५ अँपिअरच्या प्लगवरच जेवायची. रोज फार लांब जाणारे, घरात दोन गाड्या असलेले किंवा ७९ युनिटची बॅटरी घेऊन बसलेले लोक सोडले, तर बहुतेकांना ३.३ पुरतो. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही, कारण डबा ''फ्री'' असतो.

मात्र १५ अँपिअरचा प्लग म्हणजे भिंतीवरचा कुठलाही तीन भोकांचा पॉइंट नव्हे. तो पॉइंट बसवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गीझर होता. पंधरा मिनिटं चालणार आणि बंद होणार. गाडी सलग काही तास तेवढाच करंट ओढते. स्वस्त सॉकेट आठवड्यात पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वास. स्वतंत्र सर्किट, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी एवढा लवाजमा त्या गरीब प्लगलाही लागतो.

डबा ''फ्री'' आणि बसवणंही ''फ्री'', पण त्यात केबल ठरावीक मीटरपर्यंतच. पुढे मीटरला इतके. इथे मीटररूम ते पार्किंग हे अंतर पहिल्यांदा आयुष्यात येतं. इंजिनिअर सर्व्हेला येतो, एक डोळा मिटून सरळ रेषेत बघतो आणि म्हणतो, ''पंचवीस मीटर.'' ही रेषा चेअरमनसाहेबांच्या पार्किंगवरून जाते. ते म्हणतात, ''माझ्या गाडीवर वायर नको.'' केबल डावीकडून घ्यावी तर तिथे गणपतीचं स्टोअर. उजवीकडे पाण्याच्या टाकीचा पंप. शेवटी केबल कंपाउंडच्या भिंतीला प्रदक्षिणा घालून, जनरेटरला वळसा मारून, मागच्या जिन्याखालून येते आणि पंचवीसचे साठ होतात. केबलची लांबी विजेच्या नियमांनी ठरत नाही, कमिटीत कोणाशी किती सख्य आहे यावर ठरते.

या सख्याची किंमत मोजताही येते. ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमधून ३२ अँपिअर साठ मीटर नेले, की वाटेत जवळपास १२ व्होल्ट गळतात. म्हणजे चार्जिंग चालू असेपर्यंत पावणेचारशे वॅट निव्वळ केबल गरम करण्यात जातात. बरं, साधी केबल चालत नाही, आर्मर्ड लागते. कारण पुण्यातल्या घुशींना कमिटीची परवानगी लागत नाही.

मग येते सभा. मासिक मीटिंगमध्ये हा विषय सुटत नाही. तो ''जनरल बॉडीपुढे ठेवू'' म्हणून पुढे ढकलला जातो, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते. सभेत गेल्या वर्षीचं इतिवृत्त, लिफ्टची एएमसी, कबुतरांची जाळी असं करत करत विषय क्रमांक नऊ येतो तेव्हा वडे संपलेले असतात. ''बिल कोण भरणार?'' हा पहिला प्रश्न. केबल गाडीवाल्याच्याच फ्लॅटच्या मीटरवरून येते आहे, हे तीनदा सांगितल्यावर खजिनदार विचारतात, ''ते ठीक आहे, पण बिल कोण भरणार?''

दुसरा प्रश्न आगीचा. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच, लोहगावला, रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली आणि तो व्हिडिओ प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. त्यानंतर बॅटरी सुरक्षेचे निकष कडक झाले. डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. अशा निकषांचा मसुदा तयार करण्यात ज्या संस्थेचा मोठा हात असतो, ती एआरएआय कोथरूडच्या टेकडीवरच आहे. पण सभेत निकषांचे क्रमांक सांगून कुणाचं समाधान होत नाही. शेजारी पेट्रोलने भरलेल्या वीस टाक्या उभ्या असतात, हे सांगून तर भांडणच होतं. चार्जिंगच्या जागेजवळ रद्दी आणि जुन्या गाद्या ठेवणार नाही, असं लिहून दिलं तर मात्र फरक पडतो. शिवाय गाद्याही जातात.

तिसरा आक्षेप सहसा सगळ्यात चिडखोर सभासद घेतो: ''आज यांना दिलं, उद्या सगळे मागतील!'' सगळे हसतात. आणि बरोबर तोच असतो. चाळीस फ्लॅटवाल्यांनी उद्या ७.२ चे डबे लावले आणि सगळ्यांनी रात्री दहाला प्लग लावले, तर २८८ किलोवॅट होतात. इमारत बांधली तेव्हा घरटी एक फ्रिज आणि एक गीझर धरून केबल टाकलेली. तेच चाळीस जण ३.३ वर आले तर १३२ किलोवॅट, आणि पाळीपाळीने भार वाटून देणारी यंत्रणा बसवली तर आणखी कमी. म्हणून पहिल्या गाडीवाल्याला परवानगी देतानाच चाळिसाव्याचा विचार कागदावर यायला हवा. या मुद्द्यावर चिडखोर सभासदाला उपसमितीत घ्यावं. तो नाही म्हणेल, पण येईल.

कायदा तर केव्हाच गाडीवाल्याच्या बाजूने उभा आहे. २०१८ साली केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने सांगितलं, की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, परवाना नको. २०२२ मध्ये राज्याच्या सहकार खात्याने सोसायट्यांना बजावलं, की ना-हरकत सात दिवसांत द्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली. आता चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते आणि नवी जोडणी महानगरांत तीन दिवसांत द्यायची आहे. तीन दिवस महावितरणचे, सात दिवस सहकार खात्याचे. सोसायटीचं पंचांग वेगळं. त्यात आधी पितृपक्ष लागतो, मग दिवाळी, मग सेक्रेटरी मुलीकडे न्यू जर्सीला.

इतकं सगळं पार पडून डबा भिंतीवर चढतो, घरातली मंडळी हळद-कुंकू घेऊन खाली येतात, नारळ फुटतो, केबल जोडली जाते आणि डब्यावर लाल दिवा लागतो. अर्थिंग नाही.

''असं कसं? तीस वर्षं सगळं चालतंय की!'' असं इलेक्ट्रिशियन म्हणतो, आणि त्याचंही खरं असतं. फ्रिज, मिक्सर, टीव्ही यांना अर्थिंग आहे की नाही हे कळत नाही, कळलं तरी ते बोलत नाहीत. गाडी बोलते. जुन्या इमारतींत हिरवी वायर सॉकेटपासून निघून भिंतीत शिरते आणि पुढे कुठे जाते हे बिल्डरलाही सांगता आलं नसतं. यावर इलेक्ट्रिशियनकडे एक तोडगा असतो: ''न्यूट्रलवरून लूप मारतो, दोन मिनिटांचं काम.'' हा माणूस कितीही ओळखीचा असो, त्याला चहा पाजून परत पाठवावं. लूप मारला की डबा फसतो, हिरवा दिवा लागतो. आणि एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटला, तर गाडीचा पत्राच जिवंत होतो.

खरा उपाय म्हणजे खड्डा. पारंपरिक पद्धतीत जमिनीत खोल पाइप किंवा तांब्याची प्लेट, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वरून पाणी. रविवारी सकाळी बागेत पारिजातकाशेजारी खड्डा, बाजूला मिठाचं पोतं आणि कोळसा, हे दृश्य पाहून पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून विचारतात, ''कुणाची दृष्ट काढताय रे एवढी?'' मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात, त्यामुळे जमिनीचा विरोध कमी होतो, वगैरे ऐकून घेऊन त्या म्हणतात, ''मग मोहऱ्या पण घाला.'' आता केमिकल अर्थिंग मिळतं, त्यात पोतं लागत नाही. मीठ-कोळशाचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम कुणाचं, हा पुढच्या सभेचा विषय.

परवानगी मिळेपर्यंतच्या काळात काही लोक पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आकाशकंदिलासारखी वायर खाली सोडतात आणि टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड लटकवतात. हे बेकायदा आहे आणि घातकही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत गाडी चार्ज करायला एक्स्टेन्शन चालत नाही. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं, आणि उभ्या गाडीचं चार्जिंगचं तोंड पॉइंटपासून पाच मीटरच्या आत. पावसाळ्यात ज्यांच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी येतं, त्यांनी ८०० मिलिमीटर हा आकडा भिंतीवर खूण करूनच बघावा.

बिलाचं तेवढं घरात सांभाळावं लागतं. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साधारण पावणेदोनशे युनिट. ज्या घराचं बिल दीडशे युनिटचं होतं, ते तीनशेच्या वर जातं आणि वरच्या युनिटना महाग दर लागतो. पेट्रोलपेक्षा हे कितीतरी स्वस्त असतं, पण पेट्रोलचा खर्च पाकिटातून गुपचूप जायचा. विजेचं बिल फ्रिजवर चुंबकाने लावलेलं असतं. चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेतलं तर त्याचा दरही वेगळा, पण स्थिर आकार दोनदा. त्यात २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज सवलतीत, म्हणजे नेमकी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते तेव्हा. निवृत्त मंडळींची मात्र चंगळ.

तेव्हा गाडीचा रंग ठरवण्याआधी एका रविवारी मोजपट्टी घेऊन मीटररूमपासून पार्किंगपर्यंत चालून या, आणि चेअरमनच्या गाडीला वळसा घालूनच चाला. विजेच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर काटा गेला तर खड्ड्याचे पैसे आधीच बाजूला काढा. आणि सोसायटीला अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती काढा, एकीवर सेक्रेटरींची सही, तारीख आणि शिक्का घ्या, मगच बुकिंगचे पैसे भरा.