नवं-जुनं करा, कर्जमुक्त व्हा : नवशिक्यांसाठी

शहरातला माणूस क्रेडिट कार्डात बुडाला की सगळी देणी एका नव्या कर्जात गुंडाळून देणारे त्याला भेटतात. हिंगोली जिल्ह्यानं का मागं राहावं? कार्ड आपल्याकडंही आहे. किसान क्रेडिट कार्ड 1998 पासून मिळतं, आणि गुंडाळायची विद्या तर घरचीच आहे. तिला नवं-जुनं म्हणतात : जुनं कर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं.

1. थकू नका. पीककर्ज मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य, असं सरकारचं म्हणणं. फेडायला पैसे लागतात, एवढीच बारीक अडचण. मार्चअखेर आली, हळद अजून शिजायचीय, सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं आणि हरभरा आडत्याच्या उचलीत वळता झाला. खचू नका. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. बँक ते तारण धरत नाही, पण अभिमान बाळगायला हरकत नाही.

2. आठ दिवसांचा माणूस, म्हणजे तेवढ्यापुरते पैसे देणारा सावकार, गाठा. दर शेकडा पाच, महिन्याला. पैसे आठच दिवस वापरणार, असं समजावत बसू नका. महिना पुरा धरतात. दीड लाखाला साडेसात हजार झाले. शून्य टक्क्याचं कर्ज टिकवायचं म्हणजे एवढा खर्च येणारच. 2014 च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्के दर ठरलेला आहे, तोही वर्षाचा. हे त्याच्यापुढं बोलू नका. हळवा माणूस असतो, आणि पुढच्या मार्चलाही त्याच्याच ओट्यावर बसायचंय.

3. भरा आणि उचला. सकाळी खातं निल करा, मग नव्या कर्जाचे कागद द्या : सातबारा, आठ अ, फेरफार, आणि तालुक्यातल्या प्रत्येक बँकेची बेबाकी. ज्या बँकेची पायरी कधी चढला नाहीत, तिचं तुमच्याकडं काही येणं नाही हे तिच्याकडूनच लिहून आणा. सर्व्हर बंद असेल, साहेब मीटिंगला असतील. नववा दिवस उजाडला तर घाई करू नका. शेकडा पाचाचा महिना तसाही भरलेलाच आहे. एकतिसावा मात्र उजाडू देऊ नका. लिमिट दरसाल थोडं वाढतं, त्या वाढीत सावकाराचं व्याज बसवा. बँकेची वसुलीही झाली, वाटपही झालं. त्याच नोटांनी दोन्ही उद्दिष्टं गाठली. त्या नोटा संध्याकाळी सावकाराकडं मुक्कामाला परत.

4. किरकोळ देणी. कृषी केंद्राची उधारी दागिन्यांवरच्या कर्जातून, दागिन्यांचं व्याज बायकोच्या गटाच्या कर्जातून. असं कर्ज देताना घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या हळदीच्या पैशांचं महिन्याचं उत्पन्न कसं काढायचं, ते फील्ड ऑफिसरवर सोडा. तो दारात उभ्या उभ्या काढतो.

5. थका. 2017 ला दीड लाखांपर्यंत माफी झाली, 2019 ला दोन लाखांपर्यंत. दुसऱ्या खेपेला 30 सप्टेंबर 2019 रोजी थकीत असणं गरजेचं होतं. ज्यांनी वेड्यासारखं वेळेवर फेडलं, त्यांची पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनावर बोळवण झाली. हा सल्ला पहिल्या पायरीच्या उलट आहे, हे ध्यानात आलं असेल. तज्ज्ञांत मतभेद असतातच. पुढची तारीख कुठली, तेवढं आधी विचारून घ्या.

6. प्रगत अभ्यासक्रम. नोव्हेंबर 2023 मध्ये सेनगाव तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र धाडलं : आमचे अवयव विकत घ्या आणि कर्ज फेडून टाका. सोबत दरपत्रक जोडलं होतं. किडनी 75 हजार, लिव्हर 90 हजार, डोळे 25 हजार. आपल्या मालाचा भाव आपणच ठरवायची संधी शेतकऱ्याला क्वचित मिळते. हिशेब सोपा आहे : दीड लाखाच्या खात्याला दोन्ही किडन्या पुरतात, सावकाराच्या साडेसात हजारांसाठी डोळे. उरलेल्या रकमेत बियाणं येईल.

नवशिक्यांनी तूर्त तिसऱ्या पायरीवरच थांबावं. आठ दिवसांच्या माणसाचा नंबर मात्र जानेवारीतच घेऊन ठेवा. मार्चमध्ये त्याचा फोन लागत नाही.