प्रत्ययवाले अण्णा

धायरीत आमच्या सोसायटीला पाणी टँकर पुरवतो आणि व्याकरण अण्णा. त्यातल्या व्याकरणाचा तुटवडा कधी पडत नाही.

अण्णा मराठीचे निवृत्त मास्तर. शब्द दिसला की त्याची शेपटी धरायची खोड काही निवृत्त झाली नाही. सेक्रेटरींनी लिफ्टपाशी नोटीस लावली, ‘पाण्याची कमतरता आहे, जपून वापरा.’ आम्ही बादल्या भरायला पळालो. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून तिथेच. “‘कमतर’ फारसी, ‘ता’ संस्कृत! काय सोयरीक जमलीय बघा!” मग लिफ्टसाठी ताटकळलेल्यांना पाटीलकी, भाऊबंदकी, माणुसकी अशी ‘की’ची अख्खी भावकी भेटवण्यात आली. दार अडवणारा वयाने मोठा असला की बोलणार तरी काय?

मो. के. दामल्यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ त्यांच्या उशाशी असतं. “थांबा, दामल्यांना विचारून येतो,” म्हणत ते आत जातात. नवखा पाहुणा बिचारा दामले बाहेर येतील म्हणून सावरून बसतो.

धायरी फाट्यावर एकदा आमची रिक्षा अडकली. पुढच्या डंपरकडे बघून रिक्षावाला करवादला, “काय दादागिरी आहे ही!” अण्णा पुढे वाकले. “‘गिरी’ फारसी बरं का. गुलामगिरीतली तीच.” तो शांतपणे म्हणाला, “काका, इथंच उतरताय का?”

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी डॉक्टरकी शिकायला रशियाला निघाली. पाया पडायला आली तर कुणी स्वेटर दिला, कुणी मेतकूट. अण्णांनी प्रत्यय दिला. “तिकडे ‘दोब्रोता’ म्हणजे चांगुलपणा. त्यातला ‘ता’ म्हणजे आपल्या सुंदरतेतल्या ‘ता’चा चुलतभाऊ. रशियन, पोलिश, बल्गेरियन या सगळ्यांच्या मूळ स्लाव्ह भाषेतसुद्धा तो होता. त्या भाषेची लिहिलेली एक ओळ सापडत नाही. पंडितांनी लेकी-नाती ताडून आजी उभी केलीय!” मुलीच्या आईने हळूच विचारलं, “पण तिकडे थंडी किती असते हो?” ते दामल्यांत नव्हतं.

परवा जेवायला बसताना अण्णा ‘भाजीवाली’तल्या ‘वाली’वर घसरले. वहिनी पोळी वाढता वाढता कडाडल्या, “पुरे झाली तुमची प्रत्ययगिरी!”

अण्णांचा घास हातातच राहिला. “संस्कृत शब्द, फारसी शेपूट... कमतरतेच्या बरोब्बर उलट! अगं, वही कुठाय माझी?”

“आधी जेवा,” वहिनी म्हणाल्या.